करवंदांच्या पुडीतला गोंदाजी

एका जंगलात, बाळांनो, सगळं अगदी व्यवस्थित चाललं होतं. व्यवस्थित म्हणजे काय, तर कुठल्याही कामाला पान लागत होतं.

पान म्हणजे ओळखपान. पळसाचं एक मोठं पान घ्यायचं, त्यावर आपल्या पंजाचा ठसा उमटवायचा, खाली नाव आणि बिळाचा पत्ता लिहायचा. मूळ पान घरी जपून ठेवायचं आणि त्याच्या नकला बरोबर बाळगायच्या. तळ्यावर पाणी प्यायला एक नक्कल. लग्नाला दोन. मरायला तीन, आणि त्या तिन्हींवर मेलेल्याने स्वतः सही केलेली असली पाहिजे. जंगलात कायद्याचं राज्य होतं ना!

नकलेवरचा ठसा समोर उभ्या असलेल्या प्राण्याचाच आहे का, हे मात्र कोणी ताडून बघत नसे. त्यासाठी वेगळं खातं निघणार होतं. खात्याची पाटीसुद्धा रंगवून तयार होती. उद्घाटनाला सिंहमहाराजांना वेळ मिळत नव्हता, एवढंच.

या जंगलात गोंदाजी नावाचं एक साळिंदर राहत होतं. अतिशय सज्जन प्राणी. कुणाचं घेणं नाही, कुणाचं देणं नाही, कंदमुळं खावीत आणि आपल्या बिळात पडून राहावं. आपल्याला नकला सापडत नाहीत असं कधी होऊ नये, म्हणून तो त्या पाठीवरच्या काट्यांना टोचून ठेवायचा. कुणी एक मागितली की गोंदाजी दोन द्यायचा. "असू द्या एक जास्तीची, पुढे-मागे लागेल," असं वर म्हणायचा. तुम्ही हसू नका. तुमच्या घरीही असंच चालतं, मला ठाऊक आहे.

आता एवढ्या नकलांचं पुढे काय व्हायचं? कचेऱ्या त्या वर्षभर ठेवायच्या आणि मग रद्दीत काढायच्या. रद्दी जायची तळ्याकाठच्या वानरमावशीकडे. वानरमावशी त्यांच्या पुड्या करायची आणि करवंदं विकायची. गोंदाजीला करवंदं फार आवडत. ती खाऊन झाली की तो पुडी उलगडून वाचत बसायचा. कुठे सशाच्या सासूचं वय कळायचं, कुठे मोराचं खरं नाव. गोंदाजी पोट धरून हसायचा. आपलं पान कुणाच्या करवंदांना लागलं असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

एक दिवस गोंदाजीच्या बिळावरून हत्तींची मिरवणूक गेली. कसली मिरवणूक ते विचारू नका, हत्तींना कारण लागत नाही. बिळाच्या छताला हातभर भेग पडली आणि माती गळू लागली. गोंदाजीची बायको हौसा गरोदर होती. महिन्याभरात पिल्लं होणार होती.

हौसा म्हणाली, "अहो, हे छत पिल्लांच्या अंगावर आलं तर?"

गोंदाजीच्या अंगावर काटा आला. म्हणजे होताच, तो उभा राहिला. त्याने जन्मात पहिल्यांदा कर्ज काढायचं ठरवलं.

जंगलात कर्ज मिळायचं ते कवठांचं. कवठं दिली की घुशी येऊन हवं तसं बीळ खोदून देत. गोंदाजी दोनशे कवठं मागायला वनकल्याण पतपेढीत गेला. तिथले व्यवस्थापक बगळेसाहेब एका पायावर उभे राहून काम करत. मान खाली, नजर पानावर. समोर कोण आहे हे बघायची त्यांना सवय नव्हती, आणि पानावरचं नाव वाचायचीही नव्हती. ते फक्त आकडा वाचत. प्रत्येक प्राण्याचं एक पतपत्रक असे आणि त्यावर नऊशेपैकी एक आकडा असे. आकडा बघून बगळेसाहेब प्राण्याची किंमत ठरवत.

गोंदाजीने नक्कल पुढे केली. अर्थातच दोन केल्या. बगळेसाहेबांनी पतपत्रक काढलं आणि त्यांची चोच आनंदाने उघडी राहिली.

"आठशे चाळीस! वा, रावसाहेब! पण माफ करा, तुम्हाला कर्ज देता येणार नाही."

"का हो साहेब?"

"तुमची तीन कर्जं आधीच चालू आहेत. एक हत्तीच्या सवारीचं. एक पलीकडच्या जंगलातल्या सहलीचं, तीन रात्री चार दिवस. आणि एक बिळाचं. टेकडीवर चार खोल्यांचं बीळ घेतलंत की मागच्या वर्षी. एक बीळ असताना दुसरं कशाला?"

गोंदाजी बघतच राहिला. "साहेब, मी कधी टेकडी चढलेलो नाही. मला दम लागतो. आणि सहलीला तर मी गेलोच नाही!"

"पत्रकात आहे म्हणजे गेला असणार," बगळेसाहेब म्हणाले. "कशी झाली सहल?"

"दुसऱ्याच कुणीतरी माझ्या नावावर कर्ज काढलंय, साहेब!"

"असेलही. पण हप्ते अगदी वेळेवर येतात हो. असं गिऱ्हाईक आम्हाला नेहमी मिळो." आणि बगळेसाहेबांनी दुसऱ्या पायावर उभं राहून पुढचं पान ओढलं.

गोंदाजी तिथून तडक वनचौकीत गेला. तिथे हवालदार रानडुक्कर चिखलात बसून तक्रारी लिहून घेत होते.

"काय चोरीला गेलं?"

"नाव."

"कुणाचं?"

"माझं. गोंदाजी साळिंदर."

हवालदारांनी चिखलातून मान वर काढली. "मग आहे की तुमच्याकडे. आत्ताच तर सांगितलंत. चोरीला गेलेली वस्तू फिर्यादीकडेच सापडली, असं लिहू का?"

गोंदाजीने कपाळावर हात मारला. पुष्कळ विनवण्या केल्यावर हवालदारांनी एक रस्ता सुचवला. "आधी पतनोंद कचेरीत जा. ते म्हणू देत, की तुम्ही तुम्ही आहात आणि कर्जं तुमची नाहीत. मग आम्ही बघू." आणि मग त्यांनी ओळखपानाच्या तीन नकला मागितल्या. गोंदाजीने सवयीने चार दिल्या.

पतनोंद कचेरी एका जुन्या वडाच्या ढोलीत होती. तिथले अधिकारी घुबड. कचेरीची वेळ सकाळी दहा ते पाच. घुबड दिवसा झोपतं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. ज्याने कचेरीच्या वेळा ठरवल्या, त्यालाही ते ठाऊक असणारच. दारावर पाटी होती : 'प्रत्येक प्राण्यास वर्षातून एकदा आपलं पतपत्रक विनामूल्य पाहता येईल.' वर्षातून कोणत्या दिवशी, ते लिहिलं नव्हतं.

गोंदाजी आठ दिवस रोज गेला. नवव्या दिवशी घुबडसाहेबांनी झोपेत कूस बदलताना एक डोळा उघडला. गोंदाजीने तेवढ्यात सगळी कहाणी सांगून टाकली.

"गंभीर आहे," घुबडसाहेब जांभई देत म्हणाले. "तुमच्या नावावर सावधानतेचा शेरा मारतो. यापुढे जो कोणी येऊन 'मी गोंदाजी' म्हणेल, त्याची कसून चौकशी होईल."

"फार उपकार झाले, साहेब!"

घुबडसाहेबांनी शेरा मारला. मग ते गोंदाजीकडे वळले. "आता बोला. नाव काय तुमचं?"

"गोंदाजी साळिंदर."

"असं?" घुबडसाहेबांनी दुसराही डोळा उघडला. "म्हणजे तुमची चौकशी करावी लागणार."

आणि बाळांनो, चौकशी सुरू झाली. खरा गोंदाजी कोण हे ओळखायला कचेरीने तीन प्रश्न ठरवले होते. ते त्याच्याच पतपत्रकातून काढलेले होते, कारण खऱ्या प्राण्याला आपलं पतपत्रक पाठ असणारच.

"पहिला प्रश्न. तुमच्या सवारीच्या हत्तीचं नाव काय?"

"साहेब, तो हत्ती माझा नाहीच. तेच तर सांगायला..."

"चूक. सहलीत तुम्ही कुठे उतरला होतात?"

"मी गेलोच नव्हतो!"

"चूक. टेकडीवरच्या बिळाला दारं किती?"

गोंदाजीने अंदाजाने एक बोट वर केलं.

"तीनही चूक. तुम्ही गोंदाजी नाही. त्यामुळे गोंदाजीच्या वतीने तुम्हाला तक्रार करता येणार नाही. खऱ्या गोंदाजीला पाठवा." दोन्ही डोळे मिटले.

गोंदाजी घरी आला तेव्हा छतातली भेग दोन हात झाली होती. हौसा एका कोपऱ्यात पाठ टेकून बसली होती. माती अंगावर पडू नये म्हणून तिने डोक्यावर टोपली धरली होती. तिला तसं बघून गोंदाजीला फार वाईट वाटलं. ज्याने आयुष्यात कुणाला एक कवठ बुडवलं नाही, त्याच्या बायकोवर ही वेळ यावी! त्याने चौकशीचा सगळा प्रकार तिला सांगितला.

हौसा ऐकून म्हणाली, "मग उत्तरं ज्याला येतात त्यालाच जाऊन विचारा. टेकडीवरचा पत्ता पत्रकात आहे ना?"

बायकांना कधी कधी फार सोपं सुचतं. दुसऱ्या दिवशी दोनदा बसून, तीनदा धापा टाकून गोंदाजी टेकडी चढला. वर एक झकास बीळ होतं. दारावर नाव होतं : 'गोंदाजी साळिंदर'. गोंदाजीने आपल्याच नावाचं दार वाजवलं.

दार उघडलं ते एका उदमांजराने. गुळगुळीत अंग, झुबकेदार शेपूट, काटा औषधालाही नाही. पतपेढीत हे जाऊन 'मी साळिंदर' म्हणालं असेल आणि बगळेसाहेबांनी मान वर केली नसेल. गोंदाजीला सगळं डोळ्यांसमोर दिसलं.

"कोण हवंय?" उदमांजराने विचारलं.

"गोंदाजी साळिंदर."

"मीच."

"नाही, मी!"

उदमांजराचा चेहरा पडला. मग त्याने गोंदाजीला आत बोलावलं, बसायला दिलं, पाणी आणि वर गुळाचा खडा दिला. चोर असला तरी वळण चांगलं होतं.

"माफ करा, गोंदाजीराव," ते म्हणालं. "माझं नाव दिगू. मीही सरळ प्राणी होतो हो. पण माझ्या नावावर एका अस्वलाने मधाच्या चौदा पोळ्यांचं कर्ज काढलं आणि बुडवलं. माझा आकडा आला शंभरावर. कुणी दारात उभं करेना. एक दिवस करवंदं खाल्ली, पुडी उलगडली, तर आत तुमचं पान. स्वच्छ, सुवाच्य, एका कोपऱ्याला काट्याचं भोक. मला वाटलं, देवानेच पाठवलं."

"म्हणून तू माझं नाव घेतलंस?"

"घेतलं, पण जपलं बरं का! एक हप्ता चुकवला नाही. तुमचा आकडा काय होता आधी? काहीच नव्हता. कधी कर्जच काढलं नाहीत, तर आकडा येणार कुठून? पतपेढीच्या दृष्टीने तुम्ही जन्मलाच नव्हतात. आठशे चाळीसपर्यंत मी नेलं तुम्हाला." दिगूचे डोळे भरून आले. "तुमचं नाव चालवणं सोपं नाही, गोंदाजीराव."

गोंदाजीला राग यायला हवा होता. पण कौतुक ऐकायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे तो जरा गोंधळला. त्याने तीन प्रश्नांची उत्तरं तेवढी मागितली. दिगूने ती एका पानावर उतरवून दिली. जाताना गोंदाजी एक चूक करून बसला. सज्जन माणसं नको तेव्हा खरं बोलतात, तशी. तो म्हणाला, "तुझ्याविरुद्ध तक्रार होणार आहे, तयारीत राहा."

दिगू तयारीत राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने ते बीळ एका अजगराला विकलं, कवठं घेतली आणि पलीकडच्या जंगलात निघून गेलं. वाट त्याला ठाऊक होतीच, सहलीला गेलेलं होतं.

इकडे गोंदाजी ढोलीपाशी जाऊन बसला. या वेळी घुबडसाहेबांचा डोळा उघडायला अकरा दिवस लागले. पहिला हप्ता तेवढ्यात चुकला.

"सवारीच्या हत्तीचं नाव?"

"गजानंद."

"सहलीत कुठे उतरलात?"

"मगरीच्या धर्मशाळेत."

"बिळाला दारं किती?"

"पाच. एक गुप्त."

"शाबास!" घुबडसाहेबांनी पंख पसरले. "तीनही बरोबर. तुम्हीच खरे गोंदाजी, यात आता शंका नाही."

गोंदाजीचा ऊर भरून आला. इतक्या दिवसांनी कुणीतरी त्याला तो म्हटलं होतं.

"आणि ज्या अर्थी तुम्हाला हत्ती, धर्मशाळा आणि दारं इतकी बिनचूक माहीत आहेत," घुबडसाहेब पुढे म्हणाले, "त्या अर्थी तिन्ही कर्जं तुमचीच. हप्ता थकलाय, तो भरा. तक्रार निकाली काढली."

"पण साहेब, उत्तरं चुकली तेव्हा तुम्ही म्हणालात, मी गोंदाजी नाही!"

"बरोबर. आणि उत्तरं आली तेव्हा म्हटलं, कर्जं तुमची. कचेरीचं काम चोख असतं."

"मग टेकडीवरचं बीळ तरी मला द्या!"

"ते तुम्ही विकलंत ना अजगराला? पत्रकात नोंद आहे. परत हवं असेल तर त्याच्याशी बोला." बाळांनो, अजगराशी घर रिकामं करण्याबद्दल बोलायला गेलेले प्राणी जंगलात काही कमी नव्हते. परत आलेले मात्र नव्हते.

गोंदाजी घरी आला. पतपेढीने वसुलीला पाठवलेली कोळसुंदी, म्हणजे रानकुत्री, दारात जिभा काढून बसली होती. गोंदाजी मागच्या बाजूने आत शिरला. छत आता हौसाच्या डोक्यावर टेकायला आलं होतं. तिचे दिवस भरत आले होते. आणि हौसा करवंदं खात होती. डोहाळे पतपत्रक बघून येत नाहीत.

"हौसा," गोंदाजी म्हणाला, "मी गोंदाजी असल्याचं सिद्ध झालं. आपण मेलो."

हौसाने शेवटचं करवंद तोंडात टाकलं. मग पुडी उलगडली, पंजाने रस पुसला आणि ते पान त्याच्यापुढे ठेवलं. एका कोपऱ्यात तीन बोटांचा सुरेख ठसा होता. खाली नाव होतं : 'बगळे, व्यवस्थापक, वनकल्याण पतपेढी'.

गोंदाजी दोन पावलं मागे सरला. "अगं, ही चोरी आहे!"

"हो," हौसा म्हणाली. "मग पिल्लं कुठे ठेवू? तुमच्या सज्जनपणात?"

भेगेतून एक ढेकूळ दोघांच्या मध्ये पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोंदाजी वनकल्याण पतपेढीत जाऊन उभा राहिला. त्याने पान पुढे केलं. एकच. या वेळी जास्तीची नक्कल त्याच्याकडे नव्हती. बगळेसाहेबांनी मान वर केली नाही. त्यांनी पतपत्रक काढलं.

"आठशे ऐंशी! वा! असा प्राणी या जंगलात आहे हे मला माहीतच नव्हतं."

"हो साहेब," गोंदाजी पुटपुटला.

"कर्ज कशासाठी?"

"बिळासाठी."

बगळ्याला बीळ कशाला, हे बगळ्याने विचारलं नाही. बगळेसाहेबांनी बगळ्यांना दोनशे कवठं मंजूर केली आणि आदराने किंचित मान लववली.

आठ दिवसांत ओढ्याकाठी नवं बीळ तयार झालं. कोरडं, उबदार, छत भक्कम. हौसाला तिथे दोन पिल्लं झाली. मऊ मऊ काटे, मिचमिचे डोळे. जुनं बीळ त्याच आठवड्यात कोसळलं. कोळसुंद्यांनी ढिगारा उकरला, आत कोणी सापडलं नाही. गोंदाजी साळिंदराच्या पत्रकावर शेरा पडला : 'फरार'. खरंच होतं ते. गोंदाजी साळिंदर म्हणून आता कोणीच उरलं नव्हतं.

जन्माची नोंद करायला गोंदाजी पिल्लांना घेऊन तळ्यावर गेला. कारकून कासव होतं.

"बापाचं नाव?"

गोंदाजीच्या तोंडात नाव आलं होतं. त्याच्या बापाने ठेवलेलं, आजाचंही तेच होतं. त्याने पिल्लांकडे बघितलं, ओढ्याकाठच्या बिळाच्या दिशेने बघितलं, आणि ते नाव गिळलं.

"बगळे," तो म्हणाला.

"जात? प्राणी का पक्षी?"

"पक्षी," गोंदाजी म्हणाला. कासवाने मान बाहेर न काढता लिहून घेतलं. घरी येताना गोंदाजी वाटेत एका झुडपाआड बसून रडला. मग डोळे पुसून घरी गेला, कारण बीळ खरोखरच छान होतं.

पिल्लं आता मोठी झाली आहेत. शाळेत त्यांना उडण्याच्या वर्गात बसवलंय. दरवर्षी नापास होतात. गुरुजी म्हणतात, पोरं हुशार आहेत, पण लक्ष देत नाहीत.

बगळेसाहेब परवा आपल्या घरट्यासाठी कर्ज मागायला शेजारच्या पतपेढीत गेले होते. तिथे त्यांना कळलं की त्यांचं ओढ्याकाठी एक बीळ आहे. सध्या ते वडाच्या ढोलीपाशी एका पायावर उभे असतात. त्यांना तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर आलेलं नाही. वानरमावशी रोज दुपारी तिकडून टोपली घेऊन जाते, तेव्हा आताशा ते मान वर करून बघतात.

तात्पर्य : आपलं ओळखपान जपून ठेवावं, असं तुम्ही म्हणणार. पान सगळ्यांचंच बाजारात आलेलं आहे, जपायला उरलंय काय? शहाण्याने एवढंच करावं : करवंदं आंबट निघाली तरी चालतील, पण घेताना पुडी नीट निवडून घ्यावी.